लेकीच्या रक्तातली चरबी

दर्शना लोअर परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहायची. पोट वाढलं तरी उभीच. पण खरी दमली ती बाळंतपणात. कळा थांबेनात आणि बाळ खाली सरकेना. शेवटी बाळाचे ठोके उतरले, तेव्हा डॉक्टरांनी चिमटा लावून लेकीला बाहेर काढलं.

त्या इस्पितळात नवजात बाळांच्या रक्तावर अभ्यास चालला होता. दर्शनानं होकार दिला होता, म्हणून नाळेतलं रक्त तपासायला गेलं. ती करी रोडला चाळीत परतल्यावर फोन आला: ट्रायग्लिसराइड जास्त आहे, लसीला याल तेव्हा पुन्हा तपासू.

"म्हणजे काय रे?" सासूबाईंनी, गंगुबाईंनी विचारलं.

"रक्तात चरबी जास्त आहे," दर्शनाचा नवरा मयूर म्हणाला.

गंगुबाईंचा चेहराच उतरला. त्यांचे यजमान गिरणीत असतानाच हृदयविकारानं गेले होते. त्या सुनेवर तडकल्या, "सातव्यापासना तूप ओरपत होतंस. गेला मा पोरीच्या अंगात!"

दर्शनाच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. तिनं तूप सोडलं, मग दूध, मग डिंकाचे लाडू. पेजेवर राहिली. लेक छातीशी भुकेनं रडायची आणि हिला वाटायचं, आपण पाजतोय तेही विषच असेल.

लसीच्या दिवशी डॉक्टर मृणालिनींनी आधी तिच्याकडेच पाहिलं. "अहो, किती वाळलात! जेवता ना?"

दर्शनाला रडूच फुटलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

"तुपानं नाही हो झालेलं," डॉक्टर म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही एकट्याच झुंजत नव्हता, हीसुद्धा झुंजत होती. असा ताण आला की बाळाचं शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडतं, तग धरायला. बहुतेक तेच दिसलंय. तरी खात्री करून घेऊ. आणि तुम्ही आधी नीट जेवा."

गंगुबाई बाजूलाच बसल्या होत्या. परतताना टॅक्सीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मयूरच्या येळाक मीय अशीच अडललंय. माका कोणी इचारल्यान नाय."

दुसरा रिपोर्ट चांगला आला. मयूरनं पेढे आणले. दर्शनाला आनंद झाला असावा, पण तो चेहऱ्यापर्यंत पोचला नाही. गंगुबाईंनी नातीला उचलून खांद्यावर घेतलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. दर्शना भिंतीकडे तोंड करून भरदुपारी झोपली. कुणी तिला उठवलं नाही.