पिवळा चौकोन

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. मुलुंडला राहतो, लग्नाचे व्हिडिओ शूट करतो. व्हिडिओ खराब आला की त्याला कारण असतं... लेन्सवर बोट लागलेलं, फोकस चुकलेला, सेटिंग कोणीतरी बदललेलं. आजवर प्रत्येक वेळी कारण सापडलं. विक्रोळीच्या त्या किचनमधलं तेवढं सापडलेलं नाही.

माझी मोठी बहीण, शुभांगीताई, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहायची. मालवणी जेवणाचं तिचं चॅनल होतं. छोटा डिजिटल कॅमेरा मीच तिला निवडून दिला होता. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ती म्हणायची, "चला, जेवून घ्या, निवतंय."

गेल्या वर्षी डेंग्यूने ताई गेली. भावोजींना कशाचंच भान नव्हतं. तेव्हा त्याच घरात राहणारी तिची धाकटी जाऊ, निशाताई, म्हणाली, "कॅमेरा पडून खराब होईल. चॅनल मी चालवते." चालवते म्हणजे काय, तर चॅनलला स्वतःचं नाव दिलं, ताईचे सगळे व्हिडिओ लपवून टाकले आणि ताईचंच बांगड्याचं तिखलं "माझ्या माहेरची रेसिपी" म्हणून दाखवायला लागली. तिचं माहेर नाशिकचं. तिथे तिखल्यात कोकणातली तिरफळं कोण घालतं, देव जाणे.

माझी आई नाहूरला असते. रोज दुपारी ती ताईचा एक व्हिडिओ लावून बसायची. बघायची नाही फारसं, ऐकायची. एक दिवस व्हिडिओ लागेना. मला फोन केला, "प्रशांत, माझ्या चेडवाचो आवाज खंय गेलो रे?"

मी निशाताईंना हात जोडून विनंती केली. "अरे, त्या जुन्या व्हिडिओंना क्वालिटी नाही रे," त्या म्हणाल्या, "चॅनल खाली जातं त्याने." त्या रात्री मी देवापुढे उभा राहून फक्त एवढंच मागितलं, की हिची वाट लाव. आईची शपथ, दुसरं काही मागितलं नाही.

थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन. "प्रशांत, कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलंय यार. मी फ्रेममध्ये आले की सगळं धुरकट येतं. बघून जा ना."

गेलो. म्हटलं, कॅमेरा नीट करतो, तुम्ही व्हिडिओ परत टाका. "आधी नीट तर कर," म्हणाल्या. लेन्स पुसली, नवीन कार्ड घातलं, सगळी सेटिंग्ज पहिल्यापासून लावली, ट्यूबलाइट बंद करून बघितली. मागच्या डब्यांवरची नावं वाचता येत होती, निशाताईंचा चेहरा मात्र फडक्यामागे असल्यासारखा. कॅमेरा नाहूरला नेला, आईला शूट केलं, तर तिच्या कपाळावरची एकेक सुरकुती स्पष्ट. परत विक्रोळीला आणला... पुन्हा धुरकट.

मग माझं लक्ष स्क्रीनवरच्या पिवळ्या चौकोनाकडे गेलं. कॅमेऱ्याला चेहरा सापडला की तो चौकोन चेहऱ्यावर बसतो आणि तिथला फोकस धरतो. इथे तो निशाताईंच्या बाजूला, गॅससमोरच्या रिकाम्या जागेत, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर बसला होता. आमची ताई बुटकी होती. निशाताईंच्या खांद्याला लागायची.

मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा बरं जास्त वाटलं. निशाताईंना मी काहीच सांगितलं नाही.

पितृपक्षातली अविधवा नवमी आली. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. ताईची ती पहिलीच नवमी. निशाताईंनी चॅनलवर लाईव्ह जाहीर केलं... 'माझ्या लाडक्या जाऊबाईंसाठी खास थाळी'. कॅमेरा सांभाळायला मला बोलावलं. भावोजी बाहेरच्या खोलीत बसून होते. ताईचं पान वाढल्याशिवाय ते जेवणार नव्हते.

मी विचारलं, "ताईचं पान आधी वाढायचं ना?"

"थाळी एवढी सजवलीय ती मोडू काय? लाईव्ह होऊ दे, मग बघू."

कॅमेरा लॅपटॉपला जोडून लाईव्ह सुरू केलं आणि व्हायचं तेच झालं. चौकोन रिकाम्या जागेवर, निशाताई धुरकट. खाली लोक लिहायला लागले, काही दिसत नाही, आणि शुभांगीताई कुठे आहेत? निशाताईंनी मला बंद करायची खूण केली. मी लॅपटॉपवर बंद केलं. 'लाईव्ह संपलं' असं आलेलं मी स्वतः वाचलं.

त्यांनी अ‍ॅप्रन काढून ओट्यावर आपटला. "मेली तरी पाठ सोडत नाही बुटकी. रेसिपी तिच्या आहेत, मान्य. मग काय जन्मभर तिचंच नाव घेऊ? तिचे व्हिडिओ ठेवले असते तर मला कुत्रं तरी विचारलं असतं का?"

मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत होतो. पिवळा चौकोन सरकला आणि निशाताईंच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. पहिल्यांदाच. नाकावरचा घामसुद्धा दिसत होता.

तेवढ्यात भावोजी दारात आले. हातात मोबाईल होता. लाईव्ह मोबाईलवर थोडं मागून पोचतं. त्यामुळे निशाताई गप्प झाल्या होत्या आणि त्यांचाच आवाज मोबाईलमधून म्हणत होता, "मेली तरी पाठ सोडत नाही बुटकी."

भावोजींनी मोबाईल ओट्यावर ठेवला. सजवलेली थाळी उचलली, बाजूला केली, केळीचं पान घेतलं आणि स्वतःच्या हाताने ताईला वाढलं. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी. मग निशाताईंपुढे हात केला आणि म्हणाले, "पासवर्ड दे."

नंतर मी सगळं तपासलं. लॅपटॉपवर लाईव्ह मी बंद केलं तेव्हाच संपलेलं दिसतं. चॅनलवर मात्र ते पुढे चालू राहिलंय आणि भावोजींनी पान वाढून पूर्ण केलं तिथे थांबतं. ते कोणी थांबवलं? मी नाही, आणि बाकी कोणी लॅपटॉपजवळ आलंच नव्हतं. मित्र म्हणतात, तूच चालू ठेवलं असशील. अरे, मी ठेवलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा.

कॅमेरा आता माझ्याकडे आहे, एकदम झकास चालतो. ताईचे व्हिडिओ परत दिसतात आणि नाहूरला दुपारी "निवतंय" ऐकू आलं की आई जेवायला बसते.

निशाताईंनी नवा महागडा कॅमेरा घेतलाय, नवं चॅनल काढलंय. परवा त्यांचा फोन आला होता. त्यातही धुरकटच येतंय, बघायला येशील का? मी म्हटलं, काय करणार निशाताई, क्वालिटी नाही.