एकतीस अर्जांतलं एक वाक्य

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बल्लारपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. वडील कामावरून, सभेवरून, जयंतीच्या मिरवणुकीतून यायचे तेव्हा खिशात एखादं पत्रक घडी घातलेलं असायचंच. जेवणाआधी मी ते मोठ्याने वाचायचं, असा नियम होता. मी एकटीने वाचलेल्या पहिल्या वाक्याच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं होती, आणि सगळी वाक्यं अशीच संपतात असं मला पुष्कळ दिवस वाटायचं.

त्यामुळे बाविसाव्या वर्षी गडचिरोलीच्या संघटनेने जेव्हा मला जबरानजोतीचे अर्ज तयार करायला सांगितलं, तेव्हा आपल्याला लिहिता येतं याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. जबरानजोत म्हणजे जंगलखात्याच्या जमिनीवर, कोणाची परवानगी न घेता, झाडोरा साफ करून केलेली शेती. ती करणाऱ्यांना सरकार पट्टे देणार असं जाहीर झालं होतं. अट होती ती सालाची. ठरवून दिलेल्या सालाच्या आधीपासून तुम्ही ती जमीन कसता, याचा काहीतरी पुरावा दाखवायचा.

मला दिलेलं गाव गडचिरोलीहून एसटीने दोन तास आणि पुढे पायी दीड तास. एकतीस घरांची जबरानजोत होती. एकतीस अर्ज हाताने लिहिणं मला वेळेचा अपव्यय वाटला. मागणी एक, अन्याय एक, मग मजकूर एकतीस कशाला? मी माझ्याजवळची पत्रकं काढली आणि अर्ध्या ब्लेडने त्यांतले चांगले चांगले भाग कापले. एकातून सुरुवात घेतली. दुसऱ्यातून जंगल आणि पूर्वज यांच्यावरचा परिच्छेद. तिसरं पत्रक डोक्यावर जळाऊ लाकडाची मोळी नेणाऱ्या बायकांना नाक्यावर अडवलं होतं तेव्हाचं होतं. त्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ होतं: "जंगलात राहणारा माणूस गुन्हेगार नाही, आमच्या हातून आजवर कोणताही वनगुन्हा घडलेला नाही." ते मी शेवटून दुसऱ्या ठिकाणी लावलं. कणकेची खळ करून सगळे तुकडे एका कोऱ्या कागदावर चिकटवले. नाव, वय, गाव, क्षेत्र यांच्यासाठी मध्ये टिंबं सोडली.

कोर्टासमोर टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टकडे तो कागद नेला. त्याने तो उजेडात धरला, खळीने फुगलेल्या कडा बोटाने दाबून पाहिल्या.

"ही तं गोधडी झाली, बाई."

"शिवण दिसायला नको," मी म्हटलं.

"स्टेन्सिलवर कायची शिवण दिसते? एकदा टाईप झालं का सारं एकाच थानातलं."

खरंच दिसली नाही. संघटनेच्या खोलीतल्या सायक्लोस्टाइलवर मी स्वतः हँडल फिरवून पस्तीस प्रती काढल्या. त्या दोरीवर वाळत घातल्या तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता. हे मी लपवत नाही.

पाटलाच्या अंगणात अर्ज वाचून दाखवला. लोक गोंडी बोलणारे. मराठी सगळ्यांना येत होती, पण माझ्या कागदावरची मराठी त्यांच्या बाजाराच्या मराठीपेक्षा फार उंच चपला घालून चालत होती. ते मान डोलावत होते. अर्ज संपल्यावर एकीनेच तोंड उघडलं. पन्नाशीची विधवा बाई, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. नाल्याकाठची जमीन ती एकटीच कसायची, दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या. तिने बांबूच्या पोकळ कांड्यातून एक गुंडाळी काढली. जंगलाच्या गार्डाने तिच्या नवऱ्याला केलेल्या दंडाची पावती होती ती. पातळ कागद, कार्बनची निळी अक्षरं जागोजागी पुसट झालेली. नाल्याकाठी एक एकरात झाडं तोडून नांगरट केली, म्हणून दंड. खाली तारीख. सरकारने सांगितलेल्या सालाच्या आधीची.

"हे अर्जात लिव," ती म्हणाली. "दंड झाला होता मनून."

मी तिला समजावलं. पावती सोबत जोडू, पण अर्जात तसं लिहायचं नाही. तसं लिहिलं तर आपण गुन्हा कबूल केला असं होतं. पोट भरायला जमीन कसणं हा गुन्हा कसा? गुन्हेगार ते, ज्यांनी ट्रकने जंगल नेलं. मी बरंच बोलले. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिने पुन्हा विचारलं, "पन झाला होता ना दंड?" मी म्हटलं, बाई, ते माझ्यावर सोडा. तिने अंगठा उमटवला.

सुनावणी लागली ती मोहफुलं पडायला लागली तेव्हा. या दिवसांत एक सकाळ चुकली की तेवढी फुलं दुसरं कोणीतरी वेचतं, नाहीतर हरणं खातात. तरी दहा-बारा जण आले. तहसीलच्या व्हरांड्यात आम्ही दुपारपर्यंत बसलो. अर्जाला पावती जोडलेली ती एकटीच, बाकीच्यांना मी विचारलंच नव्हतं, म्हणून तिचंच नाव आधी पुकारलं. मी तिच्यासोबत आत गेले.

नायब तहसीलदार वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याच्या टेबलावर आमच्यासारख्या किती गावांचे गठ्ठे होते. त्याने कारकुनाला अर्ज वाचायला सांगितलं आणि स्वतः पावती हातात घेतली. कारकून भराभर वाचत गेला, पूर्वज, जंगल, न्याय. आणि मग माझं वाक्य आलं. नायबाने हात वर केला.

"पुन्हा वाच."

कारकुनाने पुन्हा वाचलं. आमच्या हातून आजवर कोणताही वनगुन्हा घडलेला नाही.

नायबाने पावती टेबलावर सपाट केली. "बाई, अर्ज खरा धरू का पावती खरी धरू? दोन्ही खरे नाही होऊ शकत."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. "पावती खरी हाय, साहेब," ती म्हणाली. "अर्जाचं या पोरीले इचारा."

मी बोलायला सुरुवात केली. मोळीवाल्या बायका, ट्रक, गुन्हेगार कोण आणि कोण नाही. नायबाने मला मध्ये तोडलं नाही. मला दम लागेपर्यंत त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण पावती खरी आहे ना?"

मी हो म्हटलं.

त्याने गठ्ठ्यातले बाकीचे अर्ज उलटले. प्रत्येकात शेवटून दुसरं वाक्य तेच. त्याने मला सांगितलं ते मी आजही विसरू शकत नाही, कारण तो रागावून सांगत नव्हता. जमीन कसली याचा या लोकांकडे असलाच तर एकच कागद असणार, आणि तो गुन्ह्याचा असणार. तुम्ही एकतीस जणांच्या वतीने लिहून दिलंय की तो गुन्हा झालाच नाही. म्हणजे जमीन कसलीच नाही. मी आजच्या आज हे सगळे नामंजूर केले तर माझी चूक नाही. पण आठ दिवस देतो. प्रत्येकाचं वेगळं बयाण आणा, त्याच्या तोंडचं. छापील आणलं तर पाहणार नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मला ओरडा हवा होता. ती फक्त एवढंच म्हणाली की आज तिच्या झाडाखालची फुलं शेजारणीने वेचली असतील. आणि मग, उतरायच्या जरा आधी, "तुले पहिलेच सांगतलं होतं मी."

आठ दिवस आणि एकतीस माणसं. मोह सोडून कोणी घरी बसायला तयार नव्हतं आणि मी तसं म्हणूही शकत नव्हते. मग मीच पहाटे त्यांच्यामागे झाडांखाली जायची. गुडघ्यावर पुठ्ठा, त्यावर कागद. ते वाकून वेचायचे, मी त्यांच्याबरोबर सरकत लिहायची. बोलणारा टोपली घेऊन पुढे गेला की मी पुठ्ठा उचलून पुढे. ऊन चढेपर्यंत तीन, फार तर चार बयाणं व्हायची. पाठ मोडून यायची. संध्याकाळी तीच पुन्हा स्वच्छ लिहायची, वाचून दाखवायची, आणि ते म्हणायचे, असं नाई, त्या साली नाई, त्याच्या मागच्या साली, जवा वाघानं पाटलाचा बैल नेला होता. मग तो कागद फाडून दुसरा घ्यायचा. कुठलंही वाक्य दुसऱ्याच्या कागदावर जसंच्या तसं चालत नव्हतं. पत्रकांत मी हजार वेळा वाचलं होतं की या लोकांचं दुःख एक आहे. असेल. पण एकाच्या शेतात पळसाचे खुंट होते आणि दुसऱ्याच्यात वारूळ होतं, आणि नायबाला खुंट आणि वारूळ हवं होतं.

तिसऱ्या दिवशी कळलं की अकरा घरांकडे पावतीच नाही. दंड झाला नव्हता असं नाही. गार्ड आला की ते त्याला कोंबडं द्यायचे, पायलीभर मोहफूल द्यायचे आणि तो पावती फाडायचा नाही. त्यांना तो सौदा स्वस्त वाटला होता. मलाही वाटला असता.

"तुमच्या घरच्यांनी नाही दिलं कधी कोंबडं?" मी त्या बाईला विचारलं.

"माह्या बुढ्याले कोंबडं खावाचा एवढा शौक का पोराबारांनाई तंगडी भेटत नव्हती," ती म्हणाली. "गार्डाले कुठून देईन?" आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही हसली. त्या आठवड्यातलं ते एकच हसणं मला आठवतं.

तिचं बयाण मी शेवटी ठेवलं होतं. लाज होती म्हणून. ती मोहाच्या बुंध्याशी टेकून बसली आणि म्हणाली, "लिव. गुन्हा केला."

मी लिहिलं.

"त्या साली माह्या नवऱ्यानं आन मी नाल्याच्या काठची झाडं तोडली. गार्डानं पकडलं. दंड भरला. मंग दुसऱ्या साली धान टाकलं. लिवलं?"

लिहिलं, मी म्हटलं. मग ती म्हणाली की वरच्या अंगाचा दीड एकर मागाहून साफ केला, नवरा जायच्या एक वर्ष आधी. माझा हात थांबला. वरचा दीड एकर सरकारच्या सालानंतरचा होता. तो लिहिला की गेला. न लिहिता तिचे अडीच एकर एकत्र दाखवले असते तर कदाचित कोणी विचारलंही नसतं. मी तिला हे सांगितलं. शब्द जपून वापरले, या वेळी भाषण केलं नाही.

तिला त्या दीड एकराची किंमत माझ्याहून चांगली ठाऊक होती, खालच्या तुकड्यात पाणी साचलं की वर्षभराचं खाणं त्या वरच्यावरच निघायचं.

"मंग साहेब पुन्हा इचारन, कोन्तं खरं," ती म्हणाली. "लिव वरचं मागून केलं मनून."

मी लिहिलं. माझ्या हाताने, तिच्या तोंडचं, आणि त्या वेळी त्याच्याइतका अवघड मजकूर मी आयुष्यात लिहिला नव्हता.

आठव्या दिवशी एकतीस बयाणं दिली. नायबाने वजन करावं तसा गठ्ठा हातावर तोलला आणि ठेवून घेतला. उन्हाळ्यात मोजणीदार साखळी घेऊन आला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी तहसीलला महिन्यातून दोनदा जायची. आता पत्रकं लिहायला बसले की पेन हलत नसे. सभेत कोणी जोरात बोललं की मला त्याच्या मजकुराचे जोड दिसायचे, कुठून काय आणलंय ते. माझेही दिसायचे. संघटनेतले म्हणाले, तू थंड पडलीस. थंड पडले नव्हते. थकले होते, आणि या दोन्हींत फरक आहे हे कोणाला समजावून सांगायचाही कंटाळा आला होता. राग तेवढाच होता. कोंबड्यांच्या बदल्यात पावत्या न फाडणाऱ्याचं कोणी काही केलं नाही, आणि ज्यांनी कोंबडी दिली त्या अकरा घरांचे कागद आजही "पुराव्याअभावी" असा शेरा घेऊन पडून आहेत. त्यांची बयाणं मीच लिहिली आहेत, खुंट आणि वारुळांसकट. त्यांच्यासाठी मी अजून जाते.

तिचा आदेश पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास निघाला. कारकुनाने तो माझ्याच हाती दिला, म्हणाला, तुम्ही जातच आहात तर पोचवा. तो सायक्लोस्टाइल केलेला होता, नाव आणि क्षेत्र तेवढं पेनने भरलेलं. ती शेतातच होती, नाल्याकाठच्या बांधावर. मी वाचून दाखवलं. एक एकर मंजूर, उर्वरित क्षेत्र अपात्र. वरच्या दीड एकराकडे तिने एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"हे माह्यावालंच हाय ना? का साऱ्याइले सारखंच देल्लं?"

मी लगेच हो म्हटलं नाही. बांधावर बसले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, नाला, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, किती आर. पेनने लिहिलेलं तर वाचलंच, छापलेलंही प्रत्येक वाक्य वाचलं. ती उभी होती, तिला घाई नव्हती.

"तुमचंच आहे, बाई," मी म्हटलं.