लांब पायाचं इंजन

किसनसिंगनं पसंत केलेला बैल कधी नांगराखाली बसला नाही, असं पैनगंगेच्या काठचे आम्हा बंजाऱ्यायचे, गोरमाटीचे, सारे तांडे म्हणत. ढाणकीचा बाजार असो का उमरखेडचा, जोडी घ्याची असली का लोक पह्यले त्याच्या दारात येत. तो जाये. बैलाच्या बरगडीले कान लावे, खुर उचलून पाहे, पाय वितीनं मोजे. सारं झालं का मंग बैलाकडं नाही, विकणाऱ्याकडं पाहे. विकणारा ज्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून बोलते, तो बैल किसनसिंग कधी घे नाही.

"ज्याच्यात खोट असते त्याच्यावरच हात जाते," म्हणे. "चांगलं जनावर मोकळं उभं राह्यते."

त्याच्या आज्यानं बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. ते दिवस गेले, वावरं आली, तांडा एका जागी बसला. पण ती नजर घरात राह्यली. तिचा त्याले लय गर्व होता, अन् गर्व कराजोगीच होती म्हणा. तेच नजरेनं त्याचा सख्खा भाऊ गेला.

भाऊ म्हणजे पूनमसिंग. दोघात दहा वर्साचं अंतर. बाप लहानपणीच मेला, त्याच्यानं पूनमले किसनसिंगनंच वाढवलं. पूनम भावाले भिया म्हणे अन् त्याच्यासमोर कधी बाजीवर बसे नाही, खालीच बसे. मोठ्या भावाचं बोलणं खोडाचं नाही, हे त्याच्या हाडात गेलतं. फकत एक गोष्ट त्यानं आपल्या मनानं केली. वावरात त्याचं मन लागे नाही. घनश्याम भोयासंग तो नदीवर जाये, जाळं टाके, अन् एक दिवस त्याच्यापासून जुना डोंगाच घेऊन आला.

तांड्यात हसू झालं. तांड्याचा मुखिया लालसिंग नायक म्हणे, "काहून रे पूनम, गोरमाटीच्या पोरानं बैल सोडून मासोळी धरली? उद्या शेपूट फुटन ना तुले!"

"फुटू द्या ना नायकबा," पूनम म्हणे, "वल्हं मारणं तरी वाचन."

किसनसिंग हसला नाही. पण रोखलंही नाही.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात पूनम बाभळीवरून पडला. शेळ्यायले पाला तोडाले चढलता. उजवा खांदा गेला. हाड बसवणाऱ्यानं बसवलं, तेल लावलं, तीन महिने बांधून ठेवलं. पण हात खांद्याच्या वर जाये नाही अन् वल्ह्याले जोर लागे नाही. नदीच्या उलट्या धारेत डोंगा हाकलाचा म्हणजे दोन हात पाह्यजेत. त्याची बायको सुखीबाई एकटी मजुरीले जाऊन राह्यली होती. पूनम काठावर बसून डोंग्याकडं पाहे. दुसऱ्याच्या वावरात जावं त तथीही एका हाताचा गडी कोण ठेवते?

मंग घनश्याम भोई एक दिवस पळत आला. मच्छीमारायच्या सोसायटीले डोंग्याच्या मागं लावाचं इंजन मिळून राह्यलं होतं. नांदेडच्या एका दुकानात जाऊन पसंत कराचं, सोसायटी कर्जावर उचलून देईन. घनश्यामनं पूनमचं नाव सांगतलं होतं. इंजनाले काय, दोरी ओढाले अन् मूठ धराले एक हात पुरते.

पूनम तेच दिवशी भावाकडं गेला. खाली बसला.

"भिया, इंजन पसंत कराले चाल. तुह्याबिगर मी कसं घेऊ?"

"मले इंजनातलं काय समजते बापा?" किसनसिंग म्हणे. पण उठला. पागोटं बांधाले लागला.

एक गोष्ट किसनसिंगले तवा मालूम नव्हती. पूनमनं घनश्यामले सारं विचारून घेतलं होतं. डोंग्याची मागची फळी कितीक उंच हाये ते सुतळीनं मोजलं होतं, सुतळीले गाठ मारली होती, अन् ती सुतळी सदऱ्याच्या खिशात घेऊन तो एष्टीत बसला होता.

दुकानात दोन इंजनं होते. दोन्ही एकाच ताकदीचे. एक आखूड पायाचं अन् एक लांब पायाचं. पाय म्हणजे इंजनापासून खाली पाण्यात जाते तो दांडा, त्याच्या टोकाले पंखा. दुकानातला मिस्तरी हैदराबादकडचा म्हातारा माणूस होता. त्यानं पह्यलेच विचारलं, "नाव कितनी उंची है, भाई?"

पूनमनं हात खिशात घातला. तेवढ्यात किसनसिंग बोलला, "पह्यले मले पाहू दे."

त्यानं दोन्ही इंजनाभवती चक्कर मारली. कान लावला. मिस्तरीनं पाण्याच्या टाकीत एकेक चालू करून दाखवलं, तवा डोळे मिटून आवाज आयकला. पाय वितीनं मोजले. मिस्तरीनं आखूड पायाच्या इंजनावर हात ठेवला अन् म्हणे, "छोटी नाव को येच लेव. नदी में पत्थर रहते."

किसनसिंगनं तो हात पाह्यला. बस, तथीच झालं सारं.

पूनमच्या कानाशी लागून तो म्हणे, "त्याले हे खपवाचं हाये. पाह्य कसा हात ठेवून बोलून राह्यला! अन् नदी उतराचं जनावर लांब पायाचंच असावं लागते. लांब पाय पाणी धरून ठेवते. हे घे."

पूनमनं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "तू म्हणशीन तसं, भिया."

उन्हाळ्यात नदी आटलेली. इंजनाचा पाय डोहात ठीक चाले, पण खडकाळ जागी पंखा आपटे. पंख्यात पितळेची एक लहान खिळी असते. पंखा कशावर आपटला का ती तुटते, म्हणजे बाकीचं इंजन वाचते. मंग इंजन नुसतं बोंबलते, पंखा फिरत नाही, डोंगा जागचा हालत नाही. एका महिन्यात तीन खिळ्या तुटल्या. पूनमनं कोणाले सांगतलं नाही. सागाची एक फळी आणली, डोंग्याच्या मागच्या फळीवर ठोकली अन् तिच्यावर इंजन बसवलं. पाय वीतभर वर आला. त्याच्यानंतर खिळी तुटली नाही.

पावसाळाभर मोठं सुख होतं. दिवस उगवाच्या आंदी जाळं काढाचं, इंजनानं धार कापत उताराच्या घाटावर याचं, अन् मासोळी ताजी हाये तवरच ढाणकीच्या बाजारात. सुखीबाईनं मजुरी सोडली. जे हसत तेच आता मासोळी मांगाले येत.

पोळा आला. किसनसिंग म्हणे, "पूनमच्या दारात बैल नाही, पण हे हायेच ना." त्यानं सोता इंजनाले झूल घातली, गेरू लावला, वर मोरपीस खोसलं. सारा तांडा काठावर जमला. लालसिंग नायकानं ओवाळलं अन् हसून म्हणे, "किसनसिंग, तुह्या बैलाले स्टुलावर काहून उभं केलं? ठेंगणा हाये का?"

लोक खदखदा हसले. किसनसिंगचं ध्यान तवा पह्यल्यांदा त्या फळीवर गेलं. त्याचं तोंड उतरलं.

"पूनम, हे कायले?"

"पाय जरा खाली जाते, भिया. म्हणून..."

"मी लांब पायाचं घेतलं अन् तू त्याले पाटावर बसवलं? साऱ्या तांड्यात माहं हसू? काढ ते."

पूनमनं तथीच, सगळ्यायसमोर, फळी उपसली. एका हातानं त्याले वेळ लागला. कोणी हात लावला नाही.

नदी तवा भरून होती, म्हणून काही झालं नाही. कार्तिकात पाणी उतरलं. खडक असे पाण्याखाली हातभर राह्यले, दिसत नाहीत अन् धार त तशीच जोरात. एक दिवस सकाळी पूनम खालच्या अंगाले गेला, जथून पुढं सहस्रकुंडाचा धबधबा पडते. घनश्याम काठावर जाळं सुकवून राह्यला होता. त्यानं पाह्यलं. इंजन खडकावर आपटलं, एकदम जोरानं बोंबललं. पूनमनं मागं पाह्यलं. डोंगा आडवा झाला. त्यानं वल्हं उचललं, डाव्या हातानं दोन हात मारले, तिसरा लागला नाही. घनश्याम वरडत काठानं धावला. इंजन शेवटपर्यंत बोंबलत होतं, म्हणे.

तिसऱ्या दिवशी सापडला. काय सापडला ते सांगत नाही.

दिवसपाणी झाल्यावर तांड्यात बैठक बसली. लालसिंग नायक म्हणे, आपलं काम सोडून भोयाचं काम केलं, नदीनं नेलं. कोणाचा दोस नाही. साऱ्यायनं माना हालवल्या. किसनसिंगही तथीच बसला होता.

सुखीबाई जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, कधी बोलली नव्हती. आमच्यात बोलत नाहीत. घुंघट ओढून बाजूले होतात. पण त्या संध्याकाळी ती त्याच्या दारात आली. तोंड भिंतीकडं केलं अन् एक फळी उंबऱ्यावर ठेवली. पोळ्याले उपसलेली, तेच सागाची. फळीसंग फडक्यात चार खिळे होते, ठोकून सरळ केलेले. फडकं सुतळीनं बांधलं होतं, सुतळीले गाठ होती.

"हे लावाची होती त्यायले," ती भिंतीले म्हणे. "दिवाळीपासून म्हणत होते. म्हणे भियाले पह्यले विचारतो, त्याले वाईट वाटन."

"मंग विचारलं काहून नाही?"

"तुमच्या दारात दोन खेपा येऊन वापस गेले."

अन् मंग तिनं त्या सुतळीचंही सांगतलं, नांदेडले खिशात नेली होती ते.

किसनसिंग दुसऱ्या दिवशी नांदेडले गेला. भोयायनं डोहातून काढलेलं वाकडं इंजन पोत्यात घालून खांद्यावर नेलं. मिस्तरीच्या समोर ठेवलं.

"तू तवा म्हणे आखूड पायाचं घ्या. खरंच म्हणत होता का खपवत होता?"

मिस्तरीनं चष्मा पुसला. लय वेळ पाह्यलं. त्याले ना माणूस ओळखू आला ना त्याचा भाऊ आठवला. म्हणे, "बडे भाई, मैं तो सबकोच बोलता. नाव देख के लेव बोलता. हुआ क्या?"

किसनसिंग उठला. इंजन तथीच राह्यलं.

वापस आला त सरळ लालसिंग नायकाच्या दारात गेला. लोकायले बोलवा म्हणे. बसला नाही, उभाच राह्यला. "नदीनं नेलं नाही. भोयाच्या कामानं नेलं नाही. इंजन मी घेतलं, फळी मी काढली. त्याच्या खिशात माप होतं, मी त्याले तोंड उघडू देलं नाही."

नायक म्हणे, "जाऊ दे किसनसिंग, होणारं होते."

घुंघटातून सुखीबाईचा आवाज आला, साऱ्या बैठकीत. "आता सांगून राह्यले. तवा त्यायले बोलू द्याचं होतं ना."



त्याच्यामागं तीन-चार वर्स किसनसिंग जगला. बैल पाहाले कोणी बोलवलं त म्हणे, नजर गेली माही. ढाणकीचे सदाशिवराव म्हणून एक मोठे कास्तकार तीन खेपा गाडी घेऊन आले, तिन्ही खेपा रिकामी गेली. फकत एकदा बाजारात गेला, सुखीबाईले बटईच्या वावरासाठी एक बैल घ्याचा होता म्हणून. तिच्या दहा पावलं मागं चालला. विकणाऱ्यानं एका पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला अन् तारीफ कराले लागला. सुखीबाई थांबली. घुंघटातून मागं जेठाकडं पाह्यलं.

किसनसिंगनं मान खाली घातली.

तिनं तोच बैल घेतला. लय चांगला निंघाला. किसनसिंग मरेपर्यंत त्याले रोज चारा टाके, पाणी दाखवे, शेण काढे. पण त्याच्या पाठीवर त्यानं कधी हात ठेवला नाही.