भरदुपारचा रातवा

लामेक न्जोवूचा विश्वास फार थोड्या गोष्टींवर होता. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात पाहुण्यांना जनावरं दाखवण्यात त्याची तीस वर्षं गेली, तरी माग ताजा आहे असं कुणी सांगितलं, की स्वतः वाकून त्यात बोट घातल्याशिवाय त्याला पटत नसे. गाडी चालवायला त्याचा मेहुणा जायलोस असे. दाजी आमच्या ताईच्या हातचा मक्याच्या पिठाचा न्शिमासुद्धा आधी हुंगून बघतात, असं तो सगळ्यांना सांगायचा.

त्या ऑगस्टमध्ये वेर्नर नावाचा फोटोग्राफर पाहुण्यांच्या छावणीवर आला. त्याला फक्त बिबट्या हवा होता, तोही उन्हात. असं वचन कुणी देऊ शकत नाही, हे लामेकने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चारला झाडीतून बिबट्याचा आवाज आला, करवतीने लाकूड कापावं तसा, आणि थोड्या वेळाने एक मादी बाहेर येऊन वारुळावर चढली. तिसऱ्या दिवशीही तोच आवाज, तीच मादी, तेच वारूळ. वेर्नरचा कॅमेरा थांबेना. बाकीचे गाइड जळफळू लागले.

लामेकच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. बिबट्या कुणाला वेळ देऊन येत नाही. शिवाय जायलोस दोन्ही दिवशी लघवीच्या निमित्ताने वारुळामागे जाऊन आला होता. हा मांस टाकतोय, असं लामेकला वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी त्याने एकट्याने जाऊन जागा तपासली. रक्त नाही, माश्या नाहीत, ओढल्याची खूण नाही. फक्त जायलोसच्या बुटांचे ठसे, एका झुडपापर्यंत गेलेले आणि परतलेले.

दुपारी जायलोस पुन्हा वारुळामागे जाऊन आल्यावर आवाज सुरू झाला, तेव्हा लामेकने डोळे मिटून घेतले. करवतीचे चार फेरे झाले आणि त्यामागे, अगदी बारीक, एक रातवा बोलला. रातवा हा रात्री बोलणारा पक्षी; दिवसा तो पाचोळ्यात निपचित पडून असतो. पुन्हा आवाज, पुन्हा चार फेरे, पुन्हा तोच रातवा.

"जायलोस, तुझी गाण्यांची पेटी कुठंय?" लामेकने विचारलं. रविवारी चर्चची गाणी लावायला जायलोसने एक छोटा स्पीकर घेतला होता.

"घरी असेल, दाजी."

"मग झुडपात कुणाची ओरडतीय?"

जायलोसची नजर वेर्नरकडे गेली. मागे वेर्नरने खिशातून मोबाइल काढला आणि आवाज बंद पडला. तेवढ्यात मादी बाहेर आली. या खेपेला ती वारुळावर चढली नाही. हुंगत, गुरगुरत कुणाला तरी शोधत राहिली.

"तिची आचळं बघ," लामेक हळूच म्हणाला. "पिल्लावरची आहे. हा आवाज ऐकून, दुसरी मादी आपल्या हद्दीत शिरली असं समजून रोज पिल्लं टाकून येते ती."

"मी मांस नाही टाकलं, दाजी," जायलोस म्हणाला. "नुसता आवाजच होता." वेर्नरने त्याला बदल्यात आपला जुना कॅमेरा द्यायचं कबूल केलं होतं.

मादी गेल्यावर लामेकने स्पीकर उचलून आणला आणि छावणीच्या मॅनेजरपुढे ठेवला. मेहुण्याचं नावही लपवलं नाही. वेर्नर शेवटपर्यंत काही कबूल न करता दुसऱ्या दिवशी निघून गेला. जायलोसला तो हंगामभर गाडीवरून काढून स्वयंपाकघरात पाणी भरायला लावलं. घरचं माणूस होतं, घरात चार शिव्या देता आल्या असत्या, म्हणून लामेकच्या बायकोने, एडिनाने, महिनाभर अबोला धरला. लामेकने तो मुकाट्याने सोसला.

सप्टेंबरअखेर मादी दिसल्याची बातमी आली. जायलोसच धावत सांगायला आला, की सोबत पिल्लू आहे आणि चांगलं धडधाकट आहे. लामेक स्वतः जाऊन दिवस मावळेपर्यंत बघत बसला. पिल्लू खरंच होतं. एकच.

"पहिल्यापासून एकच असेल, दाजी," जायलोस म्हणाला.

"तू मोजली होतीस?"

 पुढच्या वर्षी जायलोसला गाडी परत मिळाली, तीही लामेकच्याच शब्दावर. पण लामेकने आपल्यासाठी दुसरा ड्रायव्हर मागून घेतला.