टीआरची दोन अक्षरं

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. तरी दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मी रोज पोशेऱ्याहून जीपने जव्हारला जायचे आणि कॉम्प्युटर क्लासच्या बाकावर गप बसून वेबपेजचे टॅग शिकायचे. बरोबर शेजारच्या पाड्यावरची मैत्रीण असायची. दोघी नुकत्याच बारावी झालेल्या. पुढे काय, हे घरच्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं: लग्न.

क्लासमध्ये चार मशीन, पोरं पंधरा-सोळा, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. दोघींत मिळून एक मशीन, तेही अर्धा तास. मग आम्ही भाताच्या आवणीतली रीत लावली. आवणीला एक जण रोपांच्या मुठी बांधतो, दुसरा चिखलात लावत जातो. तसं मी टॅग सांगायचे, ती टाइप करायची. माझं पाठांतर दांडगं. एचटीएमएल उघड, हेड उघड, टायटल, हेड बंद, बॉडी उघड... पाढे म्हणावेत तशी मी धडाधड म्हणत सुटायचे. तिची बोटं भराभर चालायची. मी थांबले की तीही थांबायची. "सांग की गं फुडं," म्हणायची. आम्हाला वाटायचं, आपण तयार झालो. कसलं काय! दोघींना अर्धं अर्धंच येत होतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

कोर्स संपताना सर म्हणाले, "क्लासला एक मदतनीस हवी आहे. शनिवारी तुम्हा दोघींची परीक्षा घेतो." जागा एकच. ती मिळाली तर घरी सांगता आलं असतं की इतक्यात लग्न नको. तिच्याकडे तर पुढच्याच रविवारी पाहुणे येणार होते. जीपमध्ये तिने मला सांगितलं आणि ती रडली. मी तिला धीर दिला. मनात मात्र माझंच चाललं होतं, की मला मिळाली नाही तर माझं काय?

शनिवारी आम्हाला शेजारशेजारची मशीन दिली. आपल्या गावाचं पान करायचं: मथळा, थोडा मजकूर आणि पिकांचा तक्ता. त्या दिवशी चार वाजता वीज जाणार, हे आधीच कळवलेलं होतं. टॅग सगळे ओठांवर, पण बोटांना एक अक्षर सापडेना. ते टोकदार कंस तर शिफ्ट दाबल्याशिवाय येत नाहीत, हेही मला त्या दिवशी कळलं. एका बोटाने टकटक करत होते, नजर सारखी घड्याळाकडे. शेजारी तिचं टाइपिंग पावसासारखं कोसळत होतं. असा राग आला मला तिचा!

मग ते टाइपिंग थांबलं. मी वाकून पाहिलं. तिच्या पडद्यावर मथळा झकास आला होता, पण तक्त्यातलं भात, नागली, वरई, उडीद सगळं एकाच ओळीत आडवं पसरलं होतं. नवी ओळ सुरू करायचा टॅग तिला आठवत नव्हता. सर दारात कुणाशी तरी बोलत उभे होते. तिने माझ्याकडे पाहिलं, रोज पाहायची तसंच, ओठ किंचित उघडे ठेवून. टीआर. दोन अक्षरं. आवाजसुद्धा लागला नसता, नुसते ओठ हलवले तरी तिला कळलं असतं.

मी मान फिरवली आणि माझ्या कीबोर्डवर पुढचं अक्षर शोधू लागले.

चारला पाच मिनिटं असताना माझं पान पूर्ण झालं. ओबडधोबडच, पण तक्ता ओळीखाली ओळ असा उभा होता. सरांनी दोन्ही पडदे पाहिले आणि मला सोमवारपासून यायला सांगितलं.

परतीची जीप भरेपर्यंत आम्ही फाट्यावर उभ्या होतो. मला एका जागी उभं राहवेना. जीप भरली का, ते मी सारखी बघून येत होते. ती एकदाची शिवी तरी घालेल, असं वाटत होतं.

जीप निघाल्यावर ती म्हणाली, "तू पण घाबरली व्हतीस ना? तवा इसरली असशील. न्हाई तर सांगितलंच असतंस."

"हो गं," मी म्हणाले. "पार विसरले."

तिने माझा हात हातात घेतला. "जाऊ दे. आता पोरांना शिकवताना इसरू नको."