सूर्याखालचं नाव

नागसेन खोब्रागडेनं चाळीस वर्षं नाटकांना उजेड दिला, पण त्याचं नाव पत्रिकेवर कधी आलं नाही. ‘प्रकाश : मंडळाचा’ एवढंच छापलेलं असे. समोर श्रीधर देवपुजारी राजा होऊन गर्जायचा आणि डाव्या विंगेत नागसेन उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्या मुठीवर हात ठेवून उभा असायचा. श्रीधरचं पाठांतर कच्चं. वाक्य हरपलं, की तो मान जराशी डावीकडे वळवी. त्या क्षणी नागसेन उजेड हलकेच उतरवी आणि त्या अंधारात प्रॉम्प्टर वाक्य पोचवी. लोकांना वाटे, वा, काय गहिरा क्षण! टाळ्या श्रीधरला पडत. ती खूण मात्र दोघांचीच होती.

सत्तरीत नागसेननं एक जुनी दुर्बीण घेतली आणि जरीपटका वस्तीतल्या घराच्या गच्चीवर मांडली.

“चांदण्या पाहाच्या आहेत का जी?” त्याच्या बायकोनं, इंदूबाईनं विचारलं.

“नाही. सूर्याचा फोटो काढाचा आहे.”

“जन्मभर लाइटात डोळे घातले, आता काहून आंधळं व्हाचं आहे?”

बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. नागसेननं ट्रंकेतून स्पॉटलाइटवर लावायचे निळे जिलेटिन कागद काढले होते. तीन पदर लावले की भागेल, असा त्याचा हिशेब. रंगभूमीवरचा माणूसच अशी चूक करू जाणे! शेजारची प्रीती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं धावत येऊन त्याचा हात धरला.

“काका, या कागदानं उजेड कमी दिसते, पण डोळा जाळणारी आच तशीच आत येते. सूर्याची वेगळी फिल्म मिळते. तीही नळीच्या पुढच्या तोंडावर लावा. मागे नाही.”

फिल्म आली. नागसेननं मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चौकट केली, भोक नाही ना हे उजेडाकडे धरून तपासलं आणि नेम धरायच्या बाजूच्या छोट्या दुर्बिणीतून चुकून सूर्य पाहिला जाऊ नये म्हणून तिला फडकं बांधलं. मग सूर्य शोधायचा कसा? इथं मात्र त्याचा धंदा कामी आला. दिवा लावताना दिव्याकडे पाहू नये, सावलीकडे पाहावं. नळीची लांबट सावली आखडत आखडत गोल झाली, आणि दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूर्य उतरला. त्यावर दोन बारीक डाग जोडीनं होते आणि कडेला एक मोठा, काळा. नागसेननं बटण दाबलं. त्यानं फोटो पहिल्यांदा श्रीधरला पाठवला.

“अबे, हे तर आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या प्रदर्शनात लागलं पाहिजे!” श्रीधर फोनवर गरजला. “फॉर्म मी भरतो. नाव पूर्ण लिहू ना?”

“पूर्ण लिही गा. नागसेन गोविंदा खोब्रागडे.”

त्या दिवशी इंदूबाईनं न सांगता त्याचा पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी नागसेन पुन्हा गच्चीवर होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूर्य सरकला, डागांची जोडी त्याच्यासोबत सरकली. मोठा डाग मात्र जागच्या जागी! नागसेननं कॅमेरा काढून फुंकणीनं वारा मारला. डाग गायब. धूळ होती ती. पहिल्यांदाच आपलं नाव लागणार आणि तेही धुळीखाली? त्यानं नवा, स्वच्छ फोटो काढला, छापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बदलायला म्हणून पाकिटात घालून नेला.

सभागृहात गर्दी होती. सूर्याची चौकट झकास लागली होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘छायाचित्र : श्रीधर देवपुजारी’.

नागसेननं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

श्रीधरनं त्याला बाजूला ओढलं. “रागावू नको बे. लोकं नाव पाहून थांबतात. तुले कोण ओळखते? आपल्या दोघांत काय तुझं-माझं?”

“पूर्ण लिहू का, असं तूच विचारलं होतं, श्रीधर.”

समोर माणसं जमली होती, आणि माणसं जमली की श्रीधरचा आवाज आपोआप चढे. तो चौकटीकडे वळला. “हा मोठा डाग पाहा! आपल्या अख्ख्या पृथ्वीहून मोठा! उन्हात तीन तास उभा राहून टिपला.”

एक चष्मेवाले गृहस्थ जवळ वाकले. “छान! पण सूर्याचे डाग रोज सरकतात ना? दुसऱ्या दिवशी हा कुठं होता?”

श्रीधर थांबला. आणि मग, चाळीस वर्षांच्या सवयीनं, त्याची मान जराशी डावीकडे वळली.

डावीकडे नागसेन उभा होता. इस्त्रीचा सदरा, छातीशी पाकीट. त्याच्या उजव्या हाताची बोटं क्षणभर आपोआप वळली, जणू डिमरची मूठ धरायला. मग ती त्यानं पाकिटावर सपाट टेकवली.

सभागृहातले सगळे दिवे लख्ख जळत होते. गृहस्थ उत्तराची वाट पाहत होते, आणि श्रीधर त्या उजेडात एकटाच उभा होता.