बिरदेवची चाल

बिरदेव साडेतीन फुटांचा होता. कासार आंबोलीत त्याचे भाऊ मेंढरं राखायचे. कळपामागं पळणं याला जमायचं नाही, म्हणून २००३ साली त्यानं जवळच्या माणमध्ये चहाची टपरी टाकली. समोरच्या इमारतीत कार्टून काढणारा स्टुडिओ होता. तिथं तो दिवसातून दोनदा किटली घेऊन जायचा.

तीन वर्षांनी त्या स्टुडिओला जपानचं काम मिळालं. डोंगराएवढ्या यंत्रमानवांची एक मालिका तिकडं गाजली होती. आता त्याच यंत्रमानवांना बुटकं आणि गोंडस करून लहान मुलांसाठी दुसरी मालिका निघणार होती. भलंमोठं डोकं, वाटोळे डोळे, वीतभर पाय. चित्रं छान उतरली, पण चाल काही साधेना. जपानी साहेब काम परत पाठवत राहिला.

शेवटी स्वानंद नावाचा अमरावतीकडचा चित्रकार म्हणाला, "बिरदेवदादा, जरा चालून दाखवता का? कॅमेऱ्यात घेतो."

"माझ्या चालण्यात काय बघायचं हाय?"

"आम्हाला अगदी तसंच हवंय."

बिरदेव दुपारभर चालला. वळला, पळाला, सांगितलं तसा धडपडलासुद्धा. आजवर लोक त्याच्या पायांवरून नजर काढून घ्यायचे. इथं चार शिकलेली माणसं तेच पाय निरखून कागदावर काढत होती. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "कल्पना, मी जपानात चालणार हाय."

पुढच्या वर्षी मालिका हिंदीतून टीव्हीवर लागली. निळा यंत्रमानव डुलत, डावा पाय बाहेर फेकत आला. बिरदेव हरखून बघत राहिला. त्याची आठ वर्षांची लेक सोनिया हसून हसून लोळली.

महिन्याभरात गावातली पोरं त्याच्या मागून तशीच चालू लागली. पूर्वी मोठी माणसं दटावायची. आता तीही हसायची, आम्ही टीव्हीतल्याला हसतोय म्हणायची. टपरीवर आलेल्या एका बाईनं आपल्या मुलाला त्याच्याकडं बोट करून दाखवलं, "बघ, किती क्यूट."

तो स्वानंदकडं गेला. "ती चाल बदला."

"दादा, ते आता जपानच्या कंपनीचं झालं. आमच्या हातात काही नाही."

"पाय तर माझंच हायेत न्हवं?"

स्वानंदनं पुन्हा कागदात डोकं घातलं.

एका सकाळी शाळेच्या वाटेवर सोनियानं त्याचा हात सोडला. "आबा, तुमी हितंच थांबा. तुमी चालला की समदी हसत्यात."

"तू बी हसलीस की."

ती पुढं निघून गेली. त्या दिवसापासून कल्पना तिला शाळेत पोचवू लागली.

मालिका दोन वर्षांत बंद पडली, पोरं दुसऱ्या कार्टूनच्या नादी लागली. २०१० मध्ये सोनिया पौडच्या शाळेत गेली. तिथं तिनं मैत्रिणींना सांगितलं, आबा मुंबईला असतात. कल्पनाकडून हे कळल्यावर बिरदेवनं पौडच्या बाजाराला जाणं सोडून दिलं.